चार यंत्रं, एक खुर्ची

माझं दुकान गोंदियात दवाखान्याच्या फाटकासमोर आहे. रस्ता ओलांडला की दवाखाना. मध्ये एक पानठेला, एक रसवंती आणि कायम रुसून बसलेला एक ऑटोवाला, एवढंच काय ते अंतर. तरीही इंदूताई गेल्याची बातमी मला समोरून नाही, दरेकशाहून कळली. शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात फुलवंताचा फोन आला. दरेकशाच्या टेकड्यांत दवाखान्याचं छोटं आरोग्य केंद्र आहे, तिथे ती काम करते. "भाऊ, तुमाले समजलं का..." म्हणत तिने सांगितलं. तिच्या संगणकाच्या पडद्यावर सकाळीच गोंदियाहून निरोप उमटला होता. तोच मुर्रीच्या केंद्रात उमटला, तोच प्रयोगशाळेत, सगळीकडे एकदम. जंगलातल्या स्टेशनाजवळ बातमी पोचली आणि मी हाकेच्या अंतरावर असून कोरडाच. इंदूताईंना हे सांगता आलं असतं तर त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या असत्या, "तू माझ्या यंत्रांत नाहीस ना, म्हणून." मला त्या अर्ध्या शटरखाली हसू आलं, आणि मग पायरीवर बसावं लागलं. त्याला आता काही आठवडे झाले. बसलेला माणूस उठला की लिहायला लागतो, तसं हे लिहितो आहे.

मी संगणक विकतो आणि दुरुस्त करतो. इंदूताई समोरच्या धर्मादाय दवाखान्याच्या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. विभाग म्हणजे त्या स्वतः, एक खोली आणि एक खुर्ची. पोवारांच्या शेतीवाल्या घरातली लेक, गणितात पदवी, आधी काही वर्षं शाळेत शिकवलेलं. त्यामुळे समोर डॉक्टर असो की दुकानदार, त्यांना तो बाकावरचा विद्यार्थीच वाटायचा. आमची ओळख भांडणातून झाली. मी विकलेला प्रिंटर त्यांना पसंत पडेना. त्या तो काखेत मारून, भर रहदारीतून हात दाखवत रस्ता ओलांडायच्या, माझ्या काउंटरवर ठेवायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर विचारायच्या, "हा छापून राहिला की उंदीर कुरतडून राहिला, तूच सांग." गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो, कारण प्रिंटर खरोखरच तसा होता.

१९९९ साली दवाखान्यात पहिला सर्व्हर आला. उन्हाळ्याचे दिवस, पार्सल ऑफिसातून ते खोकं हातठेल्यावर चढवलेलं. राईस मिलवाल्यांचे ट्रक दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजवताहेत आणि इंदूताई ठेल्याच्या बाजूने छत्री धरून चालताहेत. छत्री खोक्यावर, स्वतः उन्हात. चौकातल्या एका ओळखीच्या बाईने विचारलं, "काय आणलं वं ताई, देव का?" तर ताई न थांबता म्हणाल्या, "देवाले एवढी छत्री कायले लागते?" सर्व्हरसाठी त्यांनी जुनी प्लास्टर घालायची खोली मिळवली, तिला वातानुकूलन मिळवलं (तेव्हा ते अधीक्षकांच्या खोलीतही नव्हतं) आणि दारात चपला काढायचा नियम केला. एक नामांकित सर्जन बूट घालून आत शिरायला गेले, तेव्हा त्यांना उंबऱ्यावरच ऐकावं लागलं, "डॉक्टर, तुमच्या ऑपरेशनच्या खोलीत मी चपला घालून येते का?" सर्जन मोजे घालून आत आले. वॉर्डबॉय त्या खोलीला देवघर म्हणायला लागले, ते ताईंना आवडायचं नाही. पण त्यांनी थांबवलंही नाही.

त्या एका सर्व्हरची निगराणी ताईंनी अशी बसवली होती की बघत राहावं. सकाळी नोंदणीची खिडकी उघडायच्या आधी सगळं सुरू आहे ना हे तो स्वतः तपासायचा, संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींची टेपवर नक्कल करायचा, जागा संपत आली की पडद्यावर ओरडायचा. या सगळ्या आज्ञा ताईंनी रात्रंदिवस पुस्तकं वाचून स्वतः लिहिलेल्या. पण त्यांत एक गोम होती, आणि ती तेव्हा कुणालाच गोम वाटली नाही. ओळीओळीत त्याच यंत्राचा पत्ता, त्याचीच रीत गृहीत धरलेली होती. ज्या आईला एकच लेकरू आहे ती "जेवलास का" एवढंच विचारते, "कोण जेवलं" असं विचारत नाही. तसंच ते होतं.

मग काही वर्षांत दवाखाना वाढला आणि ताईंचं घर लेकरांनी भरलं, तीही चार घरची चार. मूळ सर्व्हर विंडोजवर चालणारा. प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या यंत्राबरोबर आलेला संगणक युनिक्सवर, त्याला दुसरं काही चालत नव्हतं. मुर्रीच्या केंद्रात मी विकलेला संगणक, त्यावर विंडोजचीच पण वेगळी, घरगुती आवृत्ती. आणि दरेकशाला कुणीतरी दान दिलेला एक म्हातारा संगणक. त्याला विंडोजचा बोजा उचलेना, म्हणून ताईंनी त्याच्यावर फुकटचं आणि हलकं लिनक्स चढवलं. एकाला कळणारी आज्ञा दुसऱ्याला कळेना. ताई खुर्चीवर बसून एकाला उठवत तोवर दुसरा झोपायचा.

यातलं दरेकसा सगळ्यांत महत्त्वाचं होतं. तिकडच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं बरीच. त्यांच्यातल्या काहींना रक्त द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्यांना घेऊन आईबाप सकाळच्या गाडीने गोंदियाला येतात. उद्या कोण येणार, कोणता रक्तगट, मागच्या वेळी काय झालं, ही नोंद आदल्या संध्याकाळी दरेकशाहून आली तर पिशवी तयार ठेवता येते. नाही आली, तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, दिवस तिथेच सरतो, परतीची गाडी चुकते आणि तापलेलं पोर फलाटावर झोपतं. ताईंनी एकदा असं पोर फलाटावर पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "दरेकशासाठी एक मॉडेम काढून ठेव. उंदीर कुरतडलेला नको."

विश्वस्तांना मात्र हा पसारा पटेना. त्यांनी नागपूरच्या एका कंपनीच्या साहेबांना सल्ल्यासाठी बोलावलं. साहेब सभ्य माणूस. त्यांनी स्वच्छ सांगितलं की सगळीकडे एकाच जातीची यंत्रं ठेवा, म्हणजे एका जागेवरून सांभाळता येतील, आणि जिथे तशी ठेवता येत नाहीत ते केंद्र सध्या जोडणीतून वगळा. वगळायचं म्हणजे दरेकसा, हे न सांगता सगळ्यांना कळलं. हे सगळं ताईंच्या सर्व्हरच्या खोलीतच चाललं होतं, आणि मी तारा जोडायला तिथेच होतो. ताई उठल्या. "आपल्या नोंदणीच्या खिडकीवर एक बाई पोवारीत बोलते, एक गोंडीत, एक छत्तीसगडीत. खिडकीवरची पोरगी कोणाले म्हणते का, आधी मराठी शिकून ये, मग ताप सांग?" अध्यक्ष मोठे मिलवाले, त्यांना सगळे सेठजी म्हणत. ते म्हणाले, "बाई, वो तो इन्सान हैं." ताई म्हणाल्या, "पुढच्या बैठकीत या खोलीत या. चारही यंत्रं एका खुर्चीवरून सांभाळून दाखवते. नाही जमलं, तर दरेकसा तुम्ही काढायच्या आधी मी खुर्ची काढते." साहेबांनी सौम्यपणे विचारलं, किती माणसं लागतील? ताईंनी खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीकडे पाहिलं.

मग जे सुरू झालं ते मी जवळून पाहिलं, कारण चहा माझ्या दुकानातून जायचा. ताईंनी आपल्याच आज्ञा उसवायला घेतल्या. जिथे जिथे त्या एका सर्व्हरचा पत्ता होता तिथे तिथे रिकामी जागा सोडली, आणि "कोणाला विचारायचं" ते वेगळं काढलं. अवघड काम भाषेचं होतं. ते त्यांनी तहसील डोळ्यांसमोर ठेवून सोडवलं. "तहसीलदार गावोगाव राहते का? कोतवाल राहते. कोतवाल गावाशी गावच्या बोलीत बोलते आणि तहसिलात येऊन ठरलेल्या चार गोष्टी सांगते." प्रत्येक यंत्रात त्यांनी एकेक छोटा कार्यक्रम बसवला आणि त्याला कोतवालच म्हणायला लागल्या. युनिक्सचा कोतवाल युनिक्सला समजेल तसा, लिनक्सचा लिनक्ससारखा. पण गोंदियाच्या खुर्चीला सगळे एकाच साच्यात उत्तर देणार. सुरू आहे का, जागा किती, नोंदी आल्या का, नक्कल झाली का. पाचवा प्रश्न नाही. मी म्हटलं, "ताई, कोतवालाचा पगार?" तर म्हणाल्या, "तू चहा पाठव."

यंत्रांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा ताई भावुक झाल्या, आणि तिथेच घसरल्या. क्रमांक नकोत, माणसांची नावं देऊ, म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या यंत्राला दवाखान्याच्या जुन्या, निवृत्त कंपाउंडरचं नाव. मुर्रीच्या यंत्राला तिथे पहिल्यांदा ओसरी दिलेल्या म्हातारीचं. आणि दरेकशाच्या यंत्राला चैतरामबाबांचं. चैतरामबाबा गोंड शेतकरी. केंद्राची खोली त्यांनीच स्वतःच्या घराला लागून दिलेली, एका शब्दावर. त्यांचं नाव यंत्राला दिलं हे कळल्यावर म्हातारा रोज ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगायचा, "मी आता गोंदियात दिसून राहिलो." आणि ताईंचा आणखी एक नियम होता. कोणीही येऊन नोंदी धाडू नयेत, म्हणून केंद्रातल्या माणसाने संध्याकाळी स्वतःच्या हाताने यंत्राचं नाव टाइप करायचं, तेव्हाच मॉडेम गोंदियाला फोन लावणार.

प्रयोगशाळा बोलली. मुर्री बोललं. दरेकसा गप्प. एक संध्याकाळ, दुसरी, मग सगळा आठवडा. फोनवर फुलवंता म्हणायची, "लागून नाही राहिला, ताई." ताईंनी मला पाठवलं. मी मॉडेम घेऊन गाडीने गेलो, तार बदलली, यंत्रासमोर बसलो, नाव टाकलं, आणि मॉडेमने किंचाळून गोंदिया गाठलं. मी राजासारखा परत आलो. दुसऱ्या दिवशी परत गप्प. पुन्हा गेलो, फोनची डबी बदलली, नाव टाकलं, चाललं. परत आलो, बंद. ताई म्हणाल्या, "तू गेला की चालते, तू आला की बंद. तूच तिथे राहायला जा." बैठक अगदी तोंडावर आलेली. त्या आठवड्यात दरेकशाच्या एका पोराची परतीची गाडी चुकली. ताईंनी आपली पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चल. पण आज तू हात लावायचा नाही."

दरेकशाला उतरलो तेव्हा चैतरामबाबा ओसरीवर होतेच. आत फुलवंता. ताईंनी मला कोपऱ्यात उभं केलं, स्वतः स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "चालव." फुलवंताने यंत्र सुरू केलं. नोंदी दाखवल्या, एकही चूक नाही. पडद्यावर प्रश्न आला : नाव? फुलवंता मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

"टाक ना वं."

फुलवंताने बोटं कळफलकावर नेली आणि परत मांडीवर घेतली.

"काऊन, येत नाही का लिवता?"

"येते."

"मग?"

बाहेर बाबा खोकले. फुलवंताने दाराकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "ते मामाजी होत ना माये..."

चैतरामबाबा फुलवंताचे सासरे. ज्या घराने खोली दिली त्याच घरची शिकलेली सून केंद्रात ठेवली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, हेही गोंदिया जिल्ह्यात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत. बोलायचं नाही ते बोटांनी तरी कसं लिहायचं, तेही सासरा दाराबाहेर बसलेला असताना? आणि फोनवर अडचण सांगायची, तर कारण बाहेर बसलेल्या सासऱ्याच्याच कानावर जाणार. म्हणून ती रोज संध्याकाळी त्या प्रश्नासमोर बसायची, वेळ झाली की यंत्र बंद करायची आणि फोनवर म्हणायची, लागून नाही राहिला.

मला वाटलं, आता ताई गरजणार. ताईंनी डोक्याला हात लावला आणि हसायला लागल्या. स्टूल हलेपर्यंत हसल्या, डोळे पुसले, परत हसल्या. हसण्याचं कारण मला परतीच्या गाडीत कळलं. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "रेशनच्या दुकानात विचारतात, नवऱ्याचं नाव काय. मी अजून बाजूच्या बाईकडे बघते, ती सांगते. आणि मी, मी हिले सासरा टाइप करायला लावून राहिली..."

पण तो हसण्याचा भाग झाला, उपाय तिथेच करायचा होता. नाव बदलावं, तर म्हातारा ओसरीवर वाटच बघत होता की आज आपण गोंदियात दिसतो की नाही. ताईंनी थोडा विचार केला आणि फुलवंताला विचारलं, "तू या यंत्राले काय म्हणशील?" फुलवंता लाजली. मग म्हणाली, "लाली." लाली म्हणजे घरची गाय. सकाळी उठायला तीही अशीच वेळ लावायची म्हणे. ताईंनी तिथेच बसून कोतवालाला नवी गोष्ट शिकवली. घरात कोणी लाली म्हटलं तर ओ द्यायची, आणि गोंदियाला सांगायचं, चैतराम हजर. घरातलं नाव घरच्यांनी ठेवायचं, तहसिलातलं तहसिलाने. फुलवंताने चार रोमन अक्षरं टाइप केली, मॉडेम किंचाळला, आणि बाबांनी ओसरीवरून विचारलं, "दिसलो का?" फुलवंताने आतूनच "हो" म्हटलं.

बैठकीआधीच्या चार दिवसांत ताईंनी प्रत्येक केंद्राला घरचं नाव ठेवायला लावलं. प्रयोगशाळेतल्या मुलींनी काय ठेवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अधीक्षकांना त्या नावाची कुणकुण लागली नाही, एवढं पुरे.

बैठकीच्या दिवशी सगळे विश्वस्त चपला-बूट काढून त्या थंड खोलीत उभे राहिले, कारण खुर्ची एकच. नागपूरचे साहेबही आले. ताईंनी एकेकाला विचारलं. सर्व्हर हजर, नक्कल झाली. प्रयोगशाळा हजर. मुर्री हजर, जागा कमी, आणि लगेच ताईंनी खुर्चीवरूनच बसल्या बसल्या तिथली जुनी फाइल उडवून जागा केली. दरेकसा शेवटी. संध्याकाळची वेळ, पडदा रिकामा. कोणी खाकरलं, कोणी घड्याळ बघितलं. ताईंनी हात मांडीवर घेतले, यंत्राला हात लावला नाही. मग ओळ उमटली, चैतराम हजर, आणि तिच्याखाली उद्याच्या गाडीने येणाऱ्या मुलांची नावं, रक्तगटासकट. सेठजी वाकून वाचत राहिले. "बाई, ये चारों को आप यहीं से चलाती हो?" ताई म्हणाल्या, "चलाती नहीं, सेठजी. हालचाल पूछती हूँ. चलते वो अपने हिसाब से हैं." साहेबांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली, आणि मग विचारलं की घरचं नाव वेगळं ठेवायची कल्पना कशी सुचली. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे तशी पद्धत आहे."

दरेकसा राहिलं. पुढे मॉडेम गेले, मोबाइलचं नेट आलं, केंद्रं वाढली, नवे संगणक मीच विकले आणि तेही काखेतून परत आले. ताई निवृत्त झाल्या तेव्हा खुर्चीवर बसणाऱ्या नव्या पोरीला त्यांनी एकच गोष्ट शिकवायला सगळ्यांत जास्त वेळ घेतला : नवं यंत्र आलं की आधी तिथल्या माणसाला विचार, तुम्ही काय म्हणाल. त्यांच्या निवृत्तीनंतर कुणाच्याही मनात आलं नाही की ही व्यवस्था मोडावी. मी बढाई मारणारा माणूस आहे, हे गोंदिया जाणतं. पण ही बढाई माझी नाही. आमच्या जिल्ह्यात एका बाईने एका खुर्चीवरून चार जातींच्या यंत्रांना आपापल्या बोलीत जगू दिलं आणि तरी एक घर चालवून दाखवलं, हे मी कुठेही सांगतो आणि आवाज चढवून सांगतो.

परवा दरेकशाला गेलो होतो. चैतरामबाबा जाऊन बरीच वर्षं झाली. फुलवंता आता केंद्राची प्रमुख आहे, केस पिकले आहेत. तिथला संगणक बदलायचा होता, नवा बसवला, जुन्या नोंदी उतरवल्या, आणि पडद्यावर प्रश्न आला : घरचं नाव? मी पटकन म्हटलं, "इंदू ठेव. शोभेल."

फुलवंताने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतला बाक आठवला. "भाऊ, पावसाळ्यात इथची लाईन जाते. मंग मी गोंदियाले फोन करून काय सांगू? इंदू बंद पडली? इंदूले झटका देऊन पाहा? आन् आमच्या पोरी रोज सकाळी येऊन तिचं नाव घेतील, अशा तशा तोंडानं?"

"मग काय ठेवतेस?"

"नाव कायले घ्या लागते? मोठ्या माणसाचं काय कोणी नाव घेते?"

ती खुर्ची पुढे ओढून बसली. पदर डोक्यावरून घेतला, नीट कपाळापर्यंत, आणि एकेक अक्षर बघत टाइप केलं : ताईची.